आवाजाची झडती

शाळेत प्रार्थना चालू असताना आमच्या बाई रांगांमधून फिरायच्या आणि मुलींच्या रांगेपाशी थांबून विचारायच्या, "यात मुलगा कोण घुसलाय?" मुलगा कोणीच नसायचा. तो आवाज माझा असायचा. हे कळल्यावरही बाई पुढे बरेच दिवस माझ्याजवळ येऊन कान देत उभ्या राहायच्या. मी मुद्दाम आवाज बदलून थट्टा करते, असं त्यांना वाटत असावं. शेवटी त्यांनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं.

त्याआधी माझा आवाज चारचौघींसारखाच होता. मग एका पावसाळ्यात घसा बसला, तो पुन्हा वर आलाच नाही. आईने ज्येष्ठमध चघळायला दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, कुणी सांगितलं म्हणून दृष्टही काढली. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी जीभ दाबून घशात बॅटरी मारून पाहिली आणि काही झालेलं नाही म्हणाले. आईला ते पटलं नाही. घरी येताना ती वाटभर म्हणत होती की डॉक्टर आपल्याकडे न बघता बोलले, म्हणजे काहीतरी आहे.

आमचं घर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, बंदराच्या वरच्या अंगाला. संशय घेणं हा आमच्याकडे अवगुण नव्हता. लिलावाला टोपली आली की वरचे मासे बघून कोणी बोली लावत नाही. हात घालून तळाचे वर काढतात, कल्ले उघडून बघतात, मग आकडा बोलतात. आई मासे विकायची. तिचं सारं आयुष्य असं तळाला हात घालण्यात गेलं होतं, आणि माणसांच्या बाबतीतही ती तेच करायची. पुढे लोकांनी माझ्या बाबतीत तेच केलं तेव्हा मला राग यायचा, पण नवल वाटायचं नाही.

मला पहिलं स्थळ आलं ते गुहागरकडचं. मुलाच्या आत्याने मला शाळा कुठवर झाली ते विचारलं. मी उत्तर दिलं, तर दारात बसलेल्या एका पाहुण्याने मान वळवून आत कोण पुरुष बोलला ते पाहिलं. चहा झाला, पोहे झाले, मंडळी उठली. मग मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीला घशाचं जुनं दुखणं आहे का, असलं तर आधी सांगायला हवं होतं. आईने त्या मध्यस्थाशी बोलणंच टाकलं.

मॅट्रिकला मी गणितात गेले आणि कोळंबी सोलायच्या शेडवर लागले. तेव्हा बंदरात ट्रॉलर वाढले होते आणि कोळंबी परदेशी जायची. आम्ही बायका पत्र्याच्या छपराखाली लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून डोकं मोडायचो, साल काढायचो, मधला काळा दोरा ओढायचो. बर्फाच्या पाण्यात बोटं इतकी बधिर व्हायची की काटा घुसला तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. दुपारनंतर कोणी बोलत नसे. बोललं की काम मंदावतं असा मुकादमाचा समज होता, त्यामुळे तो पाठीमागे फिरत राहायचा.

गाणं मात्र तो चालवून घ्यायचा, कारण गाण्यावर हात चालतात. तिथेच माझं गाणं सुरू झालं. ते बसून केलेलं गाणं नव्हे. बाबांची पूर्वी शिडाची होडी होती. वारा पडला की बाबांचे भाऊ शिडाकडे बघत बसायचे आणि बाबा ओरडायचे, "वारा पडला ना? मग वल्हं मार." यांत्रिक बोटी आल्यावर आमच्या होडीला किनाऱ्यालगतचं पाणी तेवढं उरलं आणि बाबा बहुतेक वेळ दुसऱ्यांची फाटकी जाळी तुणत, सांधत बसू लागले, पण ते वाक्य त्यांच्या तोंडात राहिलं. माझी मॅट्रिक गेली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. एका दुपारी बोटं कामातून गेली असताना मी ते वाक्य टेबलावर मोठ्याने म्हटलं. समोरच्या बायकांनी "वल्हं मार" म्हणून ते उचललं. मग मी जोडत गेले आणि त्या उचलत गेल्या:

वारा पडला, वल्हं मार,
शीड लोंबलं, वल्हं मार,
हातास फोड, वल्हं मार,
बंदर काय चालत येतं?
वल्हं मार गो, वल्हं मार.

रोज एखादी ओळ वाढायची, एखादी गळायची. सोलण्याच्या कामासाठी केलेल्या ओळी आता मला आठवतही नाहीत. मुकादमाला वाटायचं यात त्याच्यावर काहीतरी आहे. तो जवळ येऊन ऐकायचा आणि काही सापडलं नाही की परत जायचा.

आमच्या घराला लागून एका चाचांचं घर होतं. ते वर्षातले कितीतरी महिने मालवाहू बोटीवर असायचे आणि सुट्टीवर आले की सोबत काहीतरी आणायचे. त्या वर्षी त्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता. मी मोरीत भांडी घासताना गात होते ते त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि आईला येऊन म्हणाले की अमेरिकेच्या एका बंदरात देवळासारख्या जागेत काळ्या बायकांना त्यांनी असं गाताना ऐकलं आहे, अगदी याच आवाजात.

"तिकडं याला सोल म्हणतात," चाचा म्हणाले.

"काय सोलतात?" आईने विचारलं.

चाचांनी समजावलं की सोल म्हणजे जीव, आत्मा. त्यावर आईचा संशय आणखी वाढला. आत्म्याचं गाणं म्हणजे कोणी मेल्यावर म्हणायचं का, असं तिने मला नंतर विचारलं. चाचा कॅसेट ऐकवतो म्हणाले तेव्हा तिने अट घातली की टेप आमच्या पडवीत वाजेल, चाचीही येऊन बसतील आणि दार सताड उघडं राहील. चाचांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्याही मुली होत्या.

त्या कॅसेटचं कव्हर हरवलेलं होतं. गाणारी बाई कोण, हे चाचांनाही ठाऊक नव्हतं. शब्द एकही कळत नव्हता, पण ती एखादा सूर धरायची आणि जड जाळं वर घेताना दोर ओढतात तसा तो खेचत राहायची, तुटेल तुटेल वाटत असतानाही सोडायची नाही. तिचा आवाज माझ्याइतकाच ढाला, पुरुषी होता. त्याची तिला लाज वाटत नव्हती, हे मला पहिल्या ऐकण्यातच कळलं. मी त्या सुट्टीभर ती कॅसेट ऐकली. माझ्या गाण्यात "वल्हं मार" मधला "मार" लांबला तो तेव्हापासून. मग चाचा बोटीवर परत गेले.

थंडीत आमच्या आळीत एका लग्नाची हळद होती. बायकांनी मला पुढे ढकललं आणि मी ते गाणं म्हटलं. मांडवात सफारी घातलेला एक पाहुणा खांद्याला टेप अडकवून बसला होता. मुंबईत त्याची कॅसेटची छोटी कंपनी होती आणि गावोगावची गाणी गोळा करत तो फिरत होता. त्याने आधी विचारलं, कोण गडी गातोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पडवीत होता.

आमच्या घरी त्याची जी तपासणी झाली ती एखाद्या चोराचीही होत नसेल. माझा थोरला भाऊ ट्रॉलरवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. त्याने पत्ता मागून घेतला आणि मुंबईत नोकरीला असलेल्या मावसभावाला तिथे जाऊन यायला सांगितलं. मावसभावाचा निरोप आला की जागा आहे, पाटी आहे, आणि पाटीखाली एक पेटीवाला मालकाला शिव्या घालत उभा होता. आई म्हणाली, झालं, कळलं. भाऊ म्हणाला, शिव्या कशावरून ते तरी कळू दे. बाबा जाळं बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "गाण्यावर नाव कुणाचं लागणार, ते विचार त्याला."

कॅसेटवाला म्हणाला, "तुमच्या मुलीचंच लागणार. दुसऱ्या कुणाचं लागेल?"

बाबांनी मान हलवली आणि जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. आईच्या दृष्टीने तो सुरू झाला होता, म्हणून एसटीने मुंबईला आम्ही तिघे गेलो, मी, भाऊ आणि ती.

रेकॉर्डिंगची खोली एका इमारतीच्या तळघरात होती. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, आणि मधे मोठी काच. काचेपलीकडची माणसं बोलताना दिसायची पण ऐकू यायची नाहीत. आईला ही व्यवस्थाच मान्य नव्हती. जे बोलायचं ते समोर बोलावं, असं तिने ढोलकीवाल्याला सांगितलं. त्याने हसून मान डोलावली. मी पहिली ओळ म्हटली आणि मशीनवाल्याने हात वर करून सगळं थांबवलं. तो बाहेर आला, वायरी तपासल्या, आत गेला, पुन्हा मला म्हणायला लावलं. पुन्हा थांबवलं. टेप हळू फिरतेय असं त्याला वाटत होतं. मग त्याने ढोलकीवाल्याला काहीतरी बोलायला लावून ते ऐकलं. ढोलकीवाल्याचा आवाज जसाच्या तसा आला. मशीनवाला काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कॅसेटवाल्याला काहीतरी सांगितलं आणि ते दोघे हसले. काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

"वल्हं मार" म्हणून उचलायला त्यांनी तीन मुली आणल्या होत्या. त्या छान गायच्या, पण कधी बर्फात हात न घातल्यासारख्या. मी त्यांना म्हटलं, दमल्यावर जसं बोलाल तसं म्हणा. दुपारपर्यंत त्या खरंच दमल्या आणि मग गाणं जमलं.

कॅसेट शिमग्याच्या सुमाराला बाजारात आली. भावाने बाजारपेठेतल्या दुकानातून ती आणली आणि माझ्या हातात दिली. कव्हरवर होडी होती आणि होडीत वल्हं धरून एक मिशीवाला माणूस. असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्याचं वल्हंही उलटं होतं. खाली छापलं होतं, गायक आणि संच. माझं नाव कुठेच नव्हतं, अगदी आतल्या बारीक अक्षरांतही नव्हतं. भावाने पोस्टातून ट्रंककॉल लावला. पलीकडून कॅसेटवाला म्हणाला, छापखान्याची चूक झाली, पुढच्या खेपेला दुरुस्त करतो. चूक असेलही. पण बायकांच्या नावावर असा आवाज खपणार नाही, असंही कुणीतरी त्याला सांगितलेलं असू शकेल. मला तो काचेपलीकडचा हसण्याचा प्रसंग आठवला.

गाणं मात्र चाललं. एवढं चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. रिक्षांत वाजायचं, एसटी स्टँडवरच्या हॉटेलात वाजायचं, ट्रॉलर धक्क्याला लागले की त्यांच्यावर वाजायचं. परीक्षेला निघालेली पोरं ते म्हणत जायची. एकदा मी लांज्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते आणि हॉटेलातून माझा आवाज येत होता. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, काय ढाल्या गळ्याचा गडी आहे. मी म्हटलं, ते मी गायलेय. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

असं होऊ लागल्यावर मी सांगणं सोडलं. पण बंदरावर गोष्ट पसरलीच होती, आणि तिला फाटे फुटले. कुणी म्हणायचं गायलाय भाऊ, बहिणीचं लग्न जमावं म्हणून तिचं नाव पुढे करतात. कुणी म्हणायचं मुंबईत टेप हळू फिरवून बाईचा पुरुष करतात. आणि सगळ्यांत जास्त पसरलं ते हे, की गाणं चाचांनी आणलेल्या परदेशी कॅसेटवरून उचललं आहे. चाचा तेव्हा कुठल्यातरी लांबच्या समुद्रात होते, त्यांना विचारणार कोण? शेडवरच्या बायका माझ्या बाजूने भांडायच्या, पण एकीसाठी सगळ्या खोटं बोलतात, असं त्यांच्याबद्दलही बोललं जायचं.

मे महिन्यात आमच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी कार्यक्रम. मंडळाचे सेक्रेटरी बर्फाच्या कारखान्यात कारकून होते, सरळ माणूस, पण कशावर विश्वास न ठेवणं हे आपलं कर्तव्य समजणारा. ते घरी येऊन बाबांना म्हणाले की मुलीने स्टेजवर येऊन एकदा सगळ्यांसमोर गावं, म्हणजे गावाचा संशय फिटेल. त्यांच्या बोलण्यातून स्वतःचा संशय लपत नव्हता. आई नको म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी खरोखर झडती घेतली. पडद्यामागे जाऊन पाहिलं, पेटी ठेवलेल्या टेबलाखाली वाकून पाहिलं, स्पीकरची वायर कुठे जाते ते बघत मांडवाला वळसा घातला. मग माईक माझ्या तोंडापासून जरा लांब करून ठेवला, ओठ हललेले दिसावेत म्हणून. समोर सगळं बंदर बसलं होतं. मी सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, लोक "वल्हं मार" म्हणू लागले, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधे वीज गेली.

माईक मेला. पेटीवाला थांबला, आणि त्याच्याबरोबर मीही थांबले. का थांबले, याचं उत्तर मी पुढे कितीतरी वेळा शोधलं. मुंबईत मशीनवाल्याने हात वर केला की थांबायची सवय लागली होती म्हणा, काळोखाला घाबरले म्हणा. गात राहिले असते तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. मी गप्प उभी राहिले, आणि अंधारात कुणीतरी शांतपणे म्हणालं, "बघा. टेप बंद पडली."

हशा पिकला. दिवे आले तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून गायले, पण पुढच्या रांगा तेवढ्या राहिल्या होत्या, बाकीचे चप्पल शोधत होते. सेक्रेटरींनी नारळ देताना माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

आईच्या मते दिवे मुद्दाम घालवले होते. दुसऱ्या दिवशी ती मांडववाल्याकडे गेली. तो म्हणाला सगळ्या आळीचीच लाईट गेली होती. आईने आळीत घरोघर विचारलं. निम्म्या घरांनी गेली होती म्हणून सांगितलं, निम्मी पूजेला आली होती त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं. आईला तेवढं पुरलं.

माझं काय झालं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मलाच संशय आला. घरी कोणी नसताना मी शेजारून चाचांचा टेपरेकॉर्डर आणला, कॅसेट लावली आणि तिच्याबरोबर गाऊन पाहिलं. कॅसेटवरचा आवाज मला माझा वाटेना. तो जास्त कोरडा होता, जास्त लांबचा. आपला आवाज आपल्याला डोक्याच्या आतून ऐकू येतो आणि टेपवर तसा येत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, आम्ही रत्नागिरीला परतल्यावर त्यांनी कुणा पुरुषाकडून गाणं पुन्हा म्हणवून घेतलं असेल. कव्हरवरचा मिशीवाला खरा असेल. लोक बरोबर असतील आणि आम्हीच फसलो असू. त्यानंतर शेडवर मी तोंड उघडलं नाही. बायकांनी सुरू केलं तरी मी मान खाली घालून साली काढत राहायचे. मुकादमानेही एकदा विचारलं, बरं नाही का.

मे संपत आला की छोट्या होड्या पावसाआधी किनाऱ्यावर वर ओढून घेतात. ते एका घरचं काम नाही. सगळी आळी दोराला लागते, बायकासुद्धा. होडीखाली तेल लावलेले ओंडके घालायचे, दोन बाजूंना दोर, आणि एकाने आरोळी द्यायची. त्या आरोळीवर सगळ्यांनी एकदम ओढायचं. दरवर्षी आरोळी बाबा द्यायचे.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि पाणी चढत होतं. आमचीच होडी आधी घेतली होती. सेक्रेटरीही दोराला होते, पाठोपाठ त्यांच्या भावाची होडी होती म्हणून. चढण अर्धी झाली आणि बाबांना खोकल्याची उबळ आली. आरोळी तुटली. काहींनी ओढलं, काहींनी दम घेतला, आणि होडी ओंडक्यावरून मागे सरकली. मागच्या बाजूला माझा भाऊ खांदा लावून उभा होता. बाबा हात हलवत होते, पण तोंडातून शब्द येत नव्हता.

मी दोर दोन्ही हातांनी धरलेला होता. विचार असा काही केला नाही. "वारा पडला" एवढं माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, आणि "वल्हं मार" म्हणून सगळा किनारा ओढता झाला. ज्यांनी पूजेच्या संध्याकाळी चपला शोधल्या होत्या त्यांनाही दुसरं काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं, गाणं सगळ्यांना पाठ होतं. "शीड लोंबलं." होडी थांबली. "हातास फोड." होडी वर सरकली. "मार" मी लांबवत होते तोवर सगळे ओढत होते, आणि मी सोडला की ओंडका बदलत होते. होडी वाळू ओलांडून कातळाच्या वर आली, भाऊ मागून बाहेर आला, आणि मगच मला कळलं की आपण गात होतो. आवाज माझा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे तेवढा वेळ माझ्या मनातही आलं नव्हतं.

लोक माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरींच्या भावाने आपल्या होडीचा दोर आणून माझ्याजवळच्या माणसाला दिला आणि मला म्हणाला, "चल गो, सुरू कर." त्या दिवशी सगळ्या होड्या मी वर घेतल्या. संध्याकाळी घसा इतका बसला की बोलता येईना, आणि आईने मला पुन्हा ज्येष्ठमध दिलं.

सेक्रेटरी शेवटी माझ्याकडे आले. त्यांचे तळवे दोराने सोलले होते. ते म्हणाले, "आवाज तुझाच. मानलं मी." मी मान हलवली. मग ते म्हणाले, "पण चाल कुणाची? चाचांच्या टेपवरची ना?"

मी बसलेल्या घशाने सांगितलं की चाल बाबांच्या वल्ह्याची आहे, ती शेडवर झाली. मात्र शेवटचा सूर खेचायचा कसा ते मी त्या टेपवरच्या बाईकडून शिकले. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. दोन दिवसांनी बंदरावर असं झालं होतं की आवाज हिचा, पण खेच परदेशी. आधीच्या मानाने हे बरंच बरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

पावसाळ्यानंतर चाचा आले. आमच्या पडवीत, दार उघडं ठेवून, चाचींबरोबर बसून त्यांनी कॅसेट ऐकली. गाणं संपल्यावर मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "परत लाव." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठून घरी गेले.

भाऊ मुंबईला जाऊन कॅसेटवाल्यासमोर बसून राहिला, तेव्हा पुढच्या खेपेवर माझं नाव आलं. चित्र तेच राहिलं. त्यामुळे मिशीवाला माझा नवरा आहे असं लोकांना वाटू लागलं, आणि मला खरंच स्थळ आलं तेव्हा मुलाने सगळ्यांत आधी त्याच्याबद्दलच चौकशी केली. आम्ही कुणीच त्याला ओळखत नाही, हे त्याला पटायला वेळ लागला. पटल्यावर लग्न झालं. तो आजही कधीमधी विचारतो.

कार्यक्रम मिळत गेले, चिपळूण, खेड, गुहागर. एकदा पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत गायले. आई सोबत होती. आता ती पुढच्या रांगेत बसायची नाही, विजेच्या बोर्डाजवळ खुर्ची टाकून बसायची, हात न लावता फक्त बघत. वीज तयार होते तिथेही तिला भरवसा नव्हता. कार्यक्रम चांगला झाला. नंतर पुण्याकडच्या एक बाई, कुणा इंजिनिअरच्या मिसेस, हातात कॅसेट घेऊन आल्या. सही हवी होती. पेन उघडून त्यांनी माझ्या हातात दिलं, कॅसेट मात्र धरून ठेवली आणि हळूच विचारलं, "खरं सांगा हं, हे तुम्हीच गायलं आहे का?"

पूर्वी अशा वेळी माझे कान तापायचे. त्या दिवशी तसं काही झालं नाही. मी हो म्हटलं आणि प्यायला पाणी मागितलं. त्यांनी लगबगीने तांब्या-भांडं आणलं. मी पाणी पिईपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या.